वरच्या दोन खोल्या, खालचा तखत

सोमवारी, कोजागरीच्या दिवशी, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी ढुंढिराज नेवासकरांनी काशीतल्या दूधविनायक गल्लीतल्या आपल्या घराच्या खिडकीला पाटी बांधली. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि अर्धी गच्ची किरायाने देणे आहे, फक्त परिवाराला, असं तिच्यावर हिंदीत लिहिलं होतं. नऊ वाजून पाच मिनिटांनी माकडाने ती नेली.

मधल्या एक तास पंचावन्न मिनिटांत पाटी सतरा जणांनी वाचली. त्यांतल्या एकालाही खोली नको होती. सगळ्यांना सल्ला द्यायचा होता. समोरच्या विश्वेशने, जो पिढीजात पुरोहित होता आणि स्वतःच्या घरात तीन भाडेकरू ठेवून होता, पायरीवर उभं राहूनच सांगितलं की परिवाराला देऊ नका, परिवार उठत नाही. दूधवाल्याचं म्हणणं, एकट्यादुकट्याला देऊ नका, एकटा माणूस टिकत नाही. तिसऱ्याने बँकवाल्यांना वाईट ठरवलं, चौथ्याने शिक्षकांना. साडेआठच्या सुमारास हिशोब केला तेव्हा ज्याला खोली द्यायला हरकत नाही असा माणूस काशीत उरला नव्हता. माकडाने पाटी नेली तेव्हा ढुंढिराजांना किंचित हलकं वाटलं, हे त्यांनी घरात कोणाला सांगितलं नाही.

पाटी लावण्यामागे एक करार होता. पत्नी विद्युल्लताबाईंचा धाकटा भाऊ उल्हास रामघाटावर होमस्टे चालवत असे. सहा खोल्या, प्रत्येक खोलीत गंगेचा एक फोटो, कारण खिडकीतून ती दिसत नसे. त्याला आता बहिणीच्या घराचा वरचा मजला हवा होता. तेवढ्यावर भागलं असतं तर ढुंढिराजांनी हो म्हटलंही असतं. पण पाहुणे वर जाणार म्हणजे खाली कोणीतरी त्यांचं स्वागत करायला हवं, आणि स्वागत करायचं म्हणजे दारालगतची बैठक हवी. बैठकीत ढुंढिराजांचा तखत होता.

तखत म्हणजे चार पायांची साधी लाकडी बैठक, वर सतरंजी. तिच्यावर बसून ढुंढिराजांच्या वडिलांनी पन्नास वर्षं यात्रेकरू यजमानांना उतरवून घेतलं. ढुंढिराज त्या धंद्यात गेले नाहीत, सांख्यिकी कार्यालयात गेले. तरी सकाळी सहा ते साडेनऊ आणि संध्याकाळी पाच ते दिवेलागण ते त्या तखतावर बसत. तिथून गल्लीतला येणारा-जाणारा प्रत्येक माणूस दिसे, आणि मुख्य म्हणजे प्रत्येकाला ते दिसत. निवृत्त माणसाला यापेक्षा जास्त काही मिळत नाही, आणि यापेक्षा कमी चालत नाही. उल्हासच्या आराखड्यात तखताच्या जागी काउंटर, एक मुलगी, खोटी झेंडूची फुलं आणि विजेवर चालणारं लहानसं कारंजं होतं. तखत गच्चीवर जाणार होता. भाऊजींनी वाटल्यास तिथे बसावं, असं उल्हास मोठ्या मनाने म्हणाला होता.

विद्युल्लताबाईंनी निकाल दिला तो असा: या पौर्णिमेपासून पुढच्या पौर्णिमेपर्यंत मुदत. देवदिवाळीच्या, म्हणजे काशीत त्याच कार्तिकी पौर्णिमेच्या, संध्याकाळपर्यंत वर किरायेदार आला तर तखत जागेवर राहील. नाही आला तर उल्हास.

"मला दोघंही सारखे," त्या म्हणाल्या. "रिकाम्या खोल्या झाडून माझी कंबर गेली. तिथे कोणीतरी राहू दे, बस."

आता, किती किराया मागायचा हा साधा प्रश्न होता. दुसऱ्या कोणीही तो विश्वेशला विचारून सोडवला असता. पण ढुंढिराजांनी तेहेतीस वर्षं सरकारसाठी तूरडाळीपासून केरोसीनपर्यंत सगळ्याचे भाव गोळा केले होते. अंदाज हा शब्द त्यांच्या कार्यालयात शिवीसारखा वापरला जाई. त्यांनी मंगळवारी कागदावर सात रकाने आखले आणि दूधविनायक ते रामघाट या पट्ट्यातली सतरा घरं निवडली. निवडही शास्त्रशुद्ध होती. गल्लीच्या डावीकडचं दर तिसरं घर आणि उजवीकडचं, कुत्रं नसेल तर, दर चौथं.

पहिल्या फेरीत सरासरी किराया सहा हजार दोनशे निघाला. काम इथे संपायला हवं होतं. परंतु दहा टक्के घरांची फेरतपासणी केल्याशिवाय आकडा पाठवायचा नाही अशी त्यांना तेहेतीस वर्षांची सवय होती. कुठे पाठवायचा हा प्रश्न अलाहिदा. गुरुवारी ते दोन घरी पुन्हा गेले. दोन्ही घरांचा किराया वाढलेला होता.

हे विसंगत असल्यामुळे त्यांनी सतराही घरं पुन्हा केली. सरासरी सात हजार नऊशे. तिसऱ्या फेरीत ती अकरा हजारांवर गेली. नऊ दिवसांत एकही भाडेकरू हलला नव्हता, एकाही भिंतीला चुना लागला नव्हता, एकाही नळाला जास्त पाणी आलं नव्हतं.

झालं होतं ते इतकंच. प्रत्येक घरमालकाने माहिती दिल्यावर सहज विचारलं होतं की बाकीचे किती घेतात. ढुंढिराजांनी प्रत्येकाला एकच उत्तर दिलं होतं, की ते गोपनीय आहे. गोपनीय आहे म्हटल्यावर प्रत्येकाने ओळखलं की शेजारी आपल्यापेक्षा बरंच जास्त घेतो आणि आपण इतकी वर्षं बावळट ठरलो. मग प्रत्येकाने आपलं बावळटपण त्याच संध्याकाळी दुरुस्त केलं.

दहाव्या दिवशी संध्याकाळी मृणालिनी तखतासमोर येऊन उभी राहिली. ती विद्यापीठात सतारीवर संशोधन करत होती आणि चार वर्षं विश्वेशच्या माडीवर राहत होती. ढुंढिराजांनी तिला चहाचं विचारलं. तिने नको म्हटलं.

"काका, तुम्ही फक्त विचारलंत," ती म्हणाली. "पण तुमच्या विचारण्याचे मला महिन्याला अठराशे रुपये पडतात."

ढुंढिराजांनी तिला समजावलं की पाहणी करणारा भाव ठरवत नाही, तो फक्त नोंद करतो. तिने ते शांतपणे ऐकून घेतलं. मग तिने विचारलं की पुढची नोंद कधी आहे, म्हणजे तिला त्याआधी सामान बांधता येईल. त्या दिवसापासून ढुंढिराज गल्लीत कागद घेऊन बाहेर पडले की भाडेकरू लोक खिडक्या लावून घेऊ लागले आणि घरमालक उघडू लागले.

तीन फेऱ्यांमधली अवास्तव टोकं कापून त्यांनी स्वतःच्या दोन खोल्यांचा न्याय्य किराया काढला. तो नऊ हजार चारशे पन्नास आला. शेवटचे पन्नास कशाचे, असं विद्युल्लताबाईंनी विचारलं तेव्हा ते अर्ध्या गच्चीचे असल्याचं त्यांनी सांगितलं.

आकड्यासोबत चौदा अटींची यादी तयार झाली आणि माणसं येऊ लागली. एकाला गच्चीवरून गंगेचं चित्रण करून रोज लोकांना दाखवायचं होतं. गच्चीवरून गंगा नव्हे तर विश्वेशची पाण्याची टाकी दिसते, हे कळल्यावर तो म्हणाला की हरकत नाही, गंगा नंतर घालता येते. एकाला खोल्या परदेशी लोकांना मौन शिकवण्यासाठी हव्या होत्या, आणि त्यासाठी मोठा लाउडस्पीकर लावण्याची परवानगी. एका चौघांच्या कुटुंबाला सगळंच आवडलं, अटीसुद्धा. निघताना त्यांनी मोटार कुठे लावायची ते विचारलं. ज्या गल्लीत समोरून सांड आला की माणसाला जवळच्या घरात शिरून त्या घरच्यांची ख्यालीखुशाली विचारावी लागते, तिथे हा प्रश्न ऐकून ढुंढिराजांनी अटींची यादी त्यांच्या हातून परत घेतली.

भाऊबीजेला उल्हास ओवाळून घ्यायला आला तो मोजपट्टी खिशात घालूनच. बहिणीने ओवाळलं, त्याने ताटात साडी ठेवली, आणि कपाळावरचं कुंकू ओलं असतानाच बैठकीची लांबी-रुंदी घेतली. मोजपट्टीचं एक टोक धरायला कोणीतरी हवं होतं. ते ढुंढिराजांनी धरलं. घरी आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं.

"भाऊजी, तुम्ही मनाला लावून घेऊ नका," उल्हास पट्टी गुंडाळत म्हणाला. "आजकाल मार्केटच असं आहे."

दुसऱ्या दिवशी सुशांत राऊत आला.

सुशांत रेल्वेच्या सिग्नल विभागात होता. नागपूरहून बदली होऊन आला होता आणि स्टेशनजवळच्या धर्मशाळेत पंधरा दिवस काढून कंटाळला होता. बायको कस्तुरी, मूलबाळ अजून नाही, मोटार नाही, कुत्रं नाही, गंगेचं चित्रण करायची इच्छा नाही. त्याने चौदा अटी शेवटपर्यंत वाचल्या आणि नववी अट तेरावी म्हणून पुन्हा आली असल्याचं नम्रपणे निदर्शनास आणलं. इतका वाचणारा माणूस ढुंढिराजांना कार्यालयातसुद्धा भेटला नव्हता. नऊ हजार चारशे पन्नास हा आकडा त्याने मान्य केला. कस्तुरीने स्वयंपाकघरातला ओटा हाताने चाचपून पाहिला आणि बरा आहे म्हणाली. त्या संध्याकाळी ढुंढिराज तखतावर दिवेलागणीनंतरही अर्धा तास जास्त बसले.

उरलं होतं फक्त पोलिसांकडून भाडेकरूचं सत्यापन, म्हणजे नावगावाची पडताळणी. चौकी कोणती ते सांगण्याचं कारण नाही, सगळीकडे खुर्च्या सारख्याच असतात. चौकीत कळलं की अर्ज आता कागदावर घेत नाहीत, मोबाईलवर भरायचा. मोबाईलवर भरल्यावर कळलं की त्याचा कागद काढून आणायचा. कागद तीन प्रती आणल्यावर सिपाह्याने स्थायी पत्त्याच्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथे सुशांतने नागपूरच्या भाड्याच्या घराचा पत्ता लिहिला होता.

"स्थायी मतलब जहाँ से आप लोग हैं," सिपाही म्हणाला. "बाप-दादा का गाँव लिखिए."

सुशांतने घरी येऊन, तखताच्या कडेवर बसून, नवा अर्ज भरला. वडिलांचं नाव प्रभाकर, आजोबांचं महादेव. मुक्काम पोस्ट जरूड, तालुका वरूड, जिल्हा अमरावती. सही करून तो कामावर गेला.

ढुंढिराजांनी अर्ज उचलला, वाचला आणि खाली ठेवला. पुन्हा उचलला.

तीर्थाच्या पुरोहितांनी गावं वाटून घेतलेली असतात. कोणाकडे कोकण, कोणाकडे मिरज-सांगली. नेवासकरांकडे वरूड आणि मोर्शी. त्या मुलखातला जो कोणी काशीला येई तो ढुंढिराजांच्या वडिलांकडे उतरे, श्राद्ध-तर्पण करी आणि निघताना लांबोळक्या वहीत आपल्या हाताने नाव, गाव, वंशावळ लिहून जाई. त्या वह्या लाल कापडात बांधून जिन्याखालच्या लोखंडी पेटीत होत्या. आणि वडिलांचा एक नियम होता, जो त्यांनी आयुष्यात मोडला नाही आणि मरताना मुलाला दोनदा सांगितला: यजमानाला आपल्या घरात जागा असते, ती भाड्याने नसते. तो जाताना हातावर ठेवील ते घ्यायचं. मागायचं नाही.

शहाण्या माणसाने अशा वेळी पेटीला हात लावला नसता. वरूड तालुक्यात राऊत पुष्कळ. सगळ्यांचेच पणजोबा काही काशीला आले नसतील. न पाहिलेलं माहीत नसतं, आणि जे माहीत नसतं त्याचा नियमही लागू होत नाही. हा विचार ढुंढिराजांनी केला, तो त्यांना पूर्णपणे पटला, आणि त्यानंतर त्यांनी जाऊन पेटी उघडली. तेहेतीस वर्षं आकडा तपासल्याशिवाय पुढे न पाठवणाऱ्या हाताला आता वेगळं वागणं जमलं नाही.

चौकी जे काम तीन आठवड्यांत करणार होती ते चाळीस मिनिटांत झालं. शके अठराशे अठ्ठावन्न, कार्तिक. गणपत राऊत, राहणार जरूड, सोबत मातोश्री, पत्नी आणि चिरंजीव महादेव, वय वर्षे चार. मुक्काम नऊ दिवस. खाली गणपतरावांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं की आमच्या वंशातला जो कोणी पुढे काशीस येईल त्याने नेवासकरांकडेच उतरावे. त्याखाली ढुंढिराजांच्या आजोबांची सही होती. शेजारी लहान अक्षरात, वय वर्षे चार असलेल्या महादेवाने जिन्यात दही सांडल्याची नोंद होती. आजोबाही नोंदी ठेवण्याच्या बाबतीत कडक असावेत.

ढुंढिराजांनी वही पुन्हा लाल कापडात बांधली आणि तखताखाली ठेवली. दोन दिवस त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. बुधवारी सुशांत आणि कस्तुरी सामान घेऊन आले. त्यांचं कपाट जिन्यात अडकलं, तेव्हा विश्वेशसह सात जणांनी ते कसं वळवायचं याबद्दल सात मतं दिली. शेवटी कपाटाचा एक पाय काढून ते वर गेलं. तो पाय तखताखाली राहिला. संध्याकाळी सुशांत हातपाय धुऊन खाली आला. हातात स्टॅम्पपेपरवरचा करारनामा आणि पहिल्या महिन्याच्या किरायाचं पाकीट होतं.

ढुंढिराजांनी पाकिटाकडे पाहिलं. मग त्यांनी तखताखालून वही काढली आणि पान उघडून त्याच्यासमोर ठेवलं.

सुशांतने पान वाचलं. महादेव हे नाव आलं तिथे तो थांबला. आजोबा त्याच्या आठवणीतले होते. त्यांना दही आवडत नसे. मग त्याने कस्तुरीला हाक मारली, आणि कस्तुरीने पानाचा फोटो काढला. त्या फोटोची पुढे जी गत झाली ती यथावकाश येईल.

"म्हणजे मी तुमचा यजमान," सुशांत म्हणाला.

"हो."

"मग किराया?"

"यजमानाकडून किराया घेत नाहीत. तुम्ही जाताना जे द्याल ते."

"काका, माझी पोस्टिंग चार वर्षांची आहे."

ढुंढिराज म्हणाले की ते त्यांना माहीत आहे.

सुशांत भला माणूस होता. त्याने आधी आग्रह केला, मग विनवणी केली, मग खरी अडचण सांगितली. त्याच्या कार्यालयाला दहा तारखेच्या आत किराया भरल्याची पावती आणि सही केलेला करारनामा हवा होता, नाहीतर घरभाडं मंजूर होणार नव्हतं. चार वर्षांनंतर हातावर ठेवायच्या दक्षिणेसाठी कार्यालयाच्या अर्जात रकाना नव्हता. अशा तऱ्हेने दूधविनायकाच्या गल्लीत, जिथे घरमालक वाढवून मागत होते आणि भाडेकरू रडत होते, तिथे एक भाडेकरू पैसे पुढे करून हात जोडत होता आणि घरमालक हात मागे बांधून उभा होता.

विद्युल्लताबाईंनी आतून सगळं ऐकलं होतं. त्या बाहेर आल्या, वहीचं पान त्यांनीही वाचलं आणि पदराने त्यावरची धूळ पुसली.

"अहो, ही पेटी उघडायला तुम्हाला सांगितलं कोणी?"

"सत्यापन करायचं होतं."

"झालं?"

"झालं."

"छान झालं," त्या म्हणाल्या आणि सुशांतकडे वळल्या. "बाळा, जेवायला खाली या दोघं. यजमानाने पहिल्या दिवशी वर चूल पेटवायची नसते."

उल्हासला ही बातमी दुसऱ्या दिवशी सकाळी कळली आणि तो आनंदाने आला. त्याचा मुद्दा बिनतोड होता. करार किरायेदाराचा होता. जो किराया देत नाही तो किरायेदार नव्हे. यजमान म्हणजे पाहुणा, आणि पाहुण्यांचंच म्हणाल तर पाहुण्यांचा धंदा तो स्वतः करतो. तेव्हा पौर्णिमेला संध्याकाळी चार वाजता तो सुतार घेऊन येईल. ढुंढिराजांनी उलट मुद्दा मांडला की वर माणूस राहतो आहे, खोल्या रिकाम्या नाहीत, तेव्हा अट पूर्ण झाली. दोघांनी विद्युल्लताबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या की पौर्णिमा अजून आलेली नाही, आणि भाजी चिरायला बसल्या.

ढुंढिराजांसमोर आता दोनच वाटा होत्या. सुशांतच्या करारनाम्यावर सही करायची, म्हणजे तखत वाचतो पण त्या तखतावर बसून वडिलांनी पाळलेला नियम मोडतो. किंवा सही करायची नाही, म्हणजे नियम राहतो आणि तखत गच्चीवर जातो. करारनामा त्यांनी सतरंजीखाली ठेवला आणि त्याच्यावर बसले. रोज सकाळी सहा ते साडेनऊ ते त्याच्यावर बसून विचार करत.

दरम्यान गल्लीतल्या भाडेकरूंच्या एक गोष्ट लक्षात आली होती. शुक्रवारी मृणालिनीने विश्वेशला विचारलं की तिचं गाव मिरज, आणि त्याच्या आजोबांकडे मिरज होतं ना. विश्वेशच्या घराण्याकडे चार पिढ्यांच्या वह्या असून त्यातलं एक पान इकडचं तिकडे झालेलं नाही, असं तो कालपरवापर्यंत चहाच्या दुकानात सांगत असे. त्याने तिला खेदाने सांगितलं की वह्यांना वाळवी लागली. सगळ्या वह्यांना? सगळ्या. कधी? आता गेल्या आठवड्यात. मृणालिनी म्हणाली की पाहू दे तरी, वाळवीने मिरज सोडलं असलं तर. विश्वेशने जुना किराया पुन्हा लागू केला आणि पेटीला दुसरं कुलूप आणलं.

दोन दिवसांत आणखी चार भाडेकरूंनी आपापल्या मालकांना पणजोबांची नावं सांगितली. त्यातले दोन मालक पुरोहित नव्हतेच, मिठाईचे व्यापारी होते, पण त्यांनीही सावधगिरी म्हणून किराया खाली आणला. ढुंढिराजांनी चौथी फेरी काढली असती तर सरासरी पाच हजार नऊशे आली असती, म्हणजे पहिल्यापेक्षाही कमी. त्यांनी काढली नाही. सोमवारी घरमालकांचं एक शिष्टमंडळ तखतासमोर येऊन गेलं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की नेवासकरांनी आधी भाव चढवला, मग पाडला, आता कृपा करून काही दिवस देवदर्शनाला बाहेरगावी जावं. काशीतल्या माणसाने देवदर्शनाला बाहेरगावी जावं, हा सल्ला मात्र ढुंढिराजांच्या मनाला फार लागला.

देवदिवाळी, बुधवार. घाटावर लाखो दिवे लागतात म्हणून त्या दिवशी काशीत खोली मिळत नाही, आणि मिळाली तर तिचा भाव ऐकून माणूस दिवे न बघताच परत जातो. उल्हासच्या सहाही खोल्या दोन महिन्यांपूर्वी भरल्या होत्या. त्यांतल्या चार खोल्या मोर्शीच्या अकरा जणांनी घेतल्या होत्या.

कस्तुरीने काढलेला फोटो आधी राऊत कुटुंबाच्या मोबाईलच्या गटात गेला होता. गटात दोनशे बारा राऊत होते. तिथून तो जरूडच्या गावगटात, तिथून वरुडात आणि तिथून मोर्शीत. फोटोखाली आता एक वाक्य जोडलं गेलं होतं, कोणी जोडलं ते अखेरपर्यंत कळलं नाही: काशीत नेवासकरांकडे आपल्या सर्वांची वही आहे, राहण्याचे पैसे लागत नाहीत, जेवण उत्तम.

चार वाजता उल्हास सुतार आणि मोजपट्टी घेऊन आला. चार वाजून वीस मिनिटांनी त्याच्या मागोमाग, त्याच्याच होमस्टेच्या किल्ल्या हातात घेऊन, मोर्शीचे अकरा जण गल्लीत शिरले. पुढे तीन म्हाताऱ्या होत्या. त्यांना उल्हासची तक्रार करायची नव्हती, खोली छान होती, भिंतीवर गंगाही होती. पण आपल्या माणसांचं पान इथे असताना दुसरीकडे उतरणं बरं दिसत नाही, असं त्यांनी त्याला समजावून सांगितलं आणि किल्ल्या त्याच्या हातात दिल्या. पैसे सावकाश परत केले तरी चालतील, असंही म्हणाल्या.

उल्हासने बहिणीकडे पाहिलं. "ताई, पौर्णिमा आहे. आज ठरायचं होतं."

विद्युल्लताबाई दारात उभं राहून माणसं मोजत होत्या. अकरापर्यंत मोजून झाल्यावर त्या म्हणाल्या, "ठरवू. आधी तुझ्याकडच्या गाद्या घेऊन ये. आणि सुताराला म्हणावं, कपाटाचा पाय बसवून दे."

उल्हास गाद्या आणायला गेला. तो असा निमूटपणे का गेला हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. सुतार कपाटाचा पाय शोधू लागला. तो तखताखाली होता, आणि तखतावर आता तीन म्हाताऱ्या मांडी घालून बसल्या होत्या, म्हणून सुताराला थांबावं लागलं. सतरंजीखाली, त्यांच्या खाली, सुशांतचा करारनामा होता. तोही काढता येत नव्हता. रिसेप्शन झालं होतं, फक्त उल्हासचं नव्हतं.

ढुंढिराज बैठकीत उभे राहिले तर वाटेत येत होते, म्हणून ते जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसले. सहाव्या पायरीवर सुशांत पावतीपुस्तक घेऊन उभा होता. दहा तारखेला पाच दिवस उरले आहेत, याची त्याने हळू आवाजात आठवण करून दिली. कस्तुरी वरून वाकून म्हणाली की वरूडची दोन कुटुंबं स्टेशनवर उतरली आहेत आणि गल्ली कशी ओळखायची ते विचारताहेत. घाटाच्या बाजूने पहिल्या दिव्यांचा उजेड गल्लीच्या तोंडापर्यंत आला. तखतावरून तो चांगला दिसत असावा, कारण म्हाताऱ्या तिकडे माना वळवून बघत होत्या. जिन्यावरून विश्वेशची भिंत दिसत होती.

मधल्या म्हातारीचं लक्ष मग पायरीवर बसलेल्या माणसाकडे गेलं. त्याला जागा मिळालेली दिसत नव्हती. तिने सतरंजीवर थोडं सरकून घेतलं, पण चौथा माणूस बसेल इतकी जागा झाली नाही.

"तुमी कोन्या गावचे जी भाऊ?" तिने आपुलकीने विचारलं. "कोनाकडं उतरले?"